मदिनाभाभींचे गाल

आमच्या पहूरच्या कुंदाबाईंच्या घरात तीन आरसे आहेत. एक कपाटाला, एक मोरीवर आणि एक त्यांच्या हितेंद्रच्या मोटारसायकलवरून निखळलेला, खिडकीच्या गजाला बांधलेला. तिन्हींवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. त्यांचा खरा आरसा जळगावला असतो. शकीलभाऊंच्या कटलरीच्या दुकानात, आत गेल्यावर डाव्या हाताला, गादीवर मांडी घालून बसलेला. त्याचं नाव मदिनाभाभी, शकीलभाऊंची बायको. या आरशात कुंदाबाईंना आपला चेहरा दिसत नाही, आपल्या चेहऱ्यात काय कमी आहे तेवढंच दिसतं.

कटलरी म्हटल्यावर काटे-चमचे डोळ्यांपुढे आणू नका. आमच्याकडे बांगड्या, टिकल्या, पिना, रिबिनी, स्नो, पावडर असं बायकांचं जे जे म्हणून असतं ते विकणारं दुकान म्हणजे कटलरी. लग्न होऊन पहूरला आल्यापासून, म्हणजे गेली अठ्ठावीस वर्षं, कुंदाबाई या एकाच कटलरीत जातात. सामान घ्यायला जातात असं त्या म्हणतात. मी त्यांचा शेजारी आहे, मला ठाऊक आहे. त्या मदिनाभाभींचे गाल बघायला जातात.

काय गाल आहेत हो! मी एकदाच पाहिले, पण कुंदाबाईंची बाजू मला ताबडतोब पटली. भाभींचं वय पन्नाशीला टेकलेलं, तीन मुलं, मोठीला मूल झालेलं, आणि गाल मात्र आत्ताच पाण्यातून काढून ठेवलेल्या आवळ्यासारखे. एक डाग नाही, एक वांग नाही. कुंदाबाईंच्या गालांवर हितेंद्रच्या वेळेला जे वांग आले, ते आता हितेंद्र लग्नाला आला तरी हलायला तयार नाहीत. भाभींची पहिली मुलगीही त्याच साली झालेली. भाभी कुंदाबाईंपेक्षा चार महिन्यांनी मोठ्या, हेही कुंदाबाईंनी केव्हाच खोदून काढलेलं. धाकटी असती तर एक वेळ सोडून दिलं असतं.

त्यात आणखी वाईट म्हणजे हे गाल लांबून पाहून परत यायची सोय नाही. दुकानात बांगड्या भाभीच भरतात. बांगडी भरणारीच्या हातात हात दिला की आपण अडकलो. ती आपला पंजा दाबून, अंगठ्याचं हाड चेपून, काचेची बांगडी बोटांवरून हळूहळू वर चढवते, आणि तेवढा वेळ तिचं तोंड आपल्या तोंडापासून वीतभर अंतरावर असतं. कुंदाबाई दर सणाला स्वतःच्या पायांनी जाऊन हा छळ सोसायच्या. बांगड्या भरून झाल्या की भरणारीला वाकून नमस्कार करायची आपल्याकडे रीत आहे. अठ्ठावीस वर्षं कुंदाबाई त्या गालांना नमस्कार करत आल्या. तोही दात आवळून.

आणि समोर शकीलभाऊ. अत्यंत सज्जन माणूस, पण विक्रीच्या बाबतीत त्यांचं एक वाक्य होतं. कुठलीही डबी पुढे सरकवताना ते आवाज जरा खाली आणत, हनुवटीनं डावीकडे खूण करत आणि म्हणत, "अक्का, आमच्या घरात हेच वापरतात."

संपलं. कुंदाबाई डबी घेत.

कुंदाबाई मूळच्या एरंडोलच्या. तिथून सासरी येताना त्या एकच ब्रँड घेऊन आल्या होत्या, रूपगंधा स्नो. गुलाबी काचेची बुटकी बरणी, वर पांढरं झाकण, झाकणावर कमळात बसलेली बाई. त्या बाईचं नि कुंदाबाईंचं नातं सख्ख्या बहिणीसारखं होतं. स्नो लावला की चेहरा पाच मिनिटं पांढराशुभ्र दिसायचा, मग घाम आला की त्यावर नाले पडायचे. पण नवीन लग्न झालेल्या बाईच्या तोंडावरचे नाले सांगतो कोण? बरणी संपली की फेकायची नाही. त्यांच्या स्वयंपाकघरात मोहरी, हिंग, बटणं, सुया, भाजलेली खसखस, सगळं कमळातल्या बाईच्या ताब्यात असे. गल्लीत कोणाला मुलगी पाहायला येणार असली की कुंदाबाईंकडून चमचाभर स्नो जायचा. पुढे तर नवरीच्या शृंगाराची पेटी निवडायचं कामही गल्लीनं त्यांच्याकडे सोपवलं. अकरा सुनांच्या पेट्या त्यांनी निवडल्या. प्रत्येक पेटीत रूपगंधा असायचीच.

मग एका दिवाळीला शकीलभाऊंनी हनुवटी हलवली आणि रूपगंधा सुटली. चंद्रकोर क्रीम आलं. चंद्रकोर लावून सात दिवसांत गोरेपण येणार होतं. सात दिवसांनी कुंदाबाईंनी पितांबररावांसमोर, म्हणजे नवऱ्यासमोर, उजेडात उभं राहून विचारलं, "काही फरक दिसू राहिला का?"

पितांबररावांनी नीट पाहिलं. केळीचा घड पाहतात तसं खालून वर पाहिलं. "हो," म्हणाले, "टिकली बदलली ना?"

टिकली बदललेली नव्हती.

चंद्रकोरवर सात वर्षं गेली. मग गौरांगी आलं. चंद्रकोर सोडताना कुंदाबाईंना अपराध्यासारखं वाटलं होतं, पण शकीलभाऊ म्हणाले होते की घरातही बदललं. मग केशर-बदामाचं एक क्रीम आलं, त्यानं उशीचे अभ्रे भगवे झाले. मग हळदीचं, मग कोरफडीचं, मग कोळशाचं. कोळशाचं लावून कुंदाबाई ओट्यावर बसल्या होत्या तेव्हा समोरच्या झुलाल नानांनी त्यांना ओळखलं नाही आणि पितांबररावांना विचारलं, "पाहुणे कुठले हो?"

इकडे पितांबरराव अंगाच्या साबणानं तोंड धुतात, त्यानंच डोकं धुतात आणि रविवारी उरलेल्या फेसात मोटारसायकल पुसून घेतात. त्यांचं कपाळ काचेसारखं गुळगुळीत आहे. कुंदाबाईंना या गोष्टीचाही राग होता, पण नवऱ्याच्या कपाळाचा मत्सर करणं बरं दिसत नाही म्हणून त्या गप्प असत.

सगळ्या गोष्टीला वळण लागलं ते हितेंद्रचं जमलं तेव्हा. मुलगी धुळ्याची, नाव मोहिनी, औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट. गोड, पण डोळा तिखट. जमल्यानंतर पंधरा दिवसांनी ती पहूरला पाहुणी म्हणून आली तेव्हा कुंदाबाईंनी मोठ्या अभिमानानं आपलं कपाट तिच्यासमोर उघडलं. वर कमळवाल्या बरण्या, खाली डब्या, नळ्या, बाटल्या. अठ्ठावीस वर्षांचा संसार. मोहिनीनं एक डबी उचलली. पुढचं चित्र पाहिलंच नाही. उलटी केली आणि मागचं बारीक अक्षर वाचायला लागली.

"आई, तुम्ही मागचं वाचता का?"

"मागं काय असतं?"

"सगळं मागंच असतं," मोहिनी म्हणाली. "यात जे जास्त घातलंय त्याचं नाव आधी. जे नावाला घातलंय ते शेवटी."

मोहिनी धुळ्याला परत गेली आणि कुंदाबाईंनी पितांबररावांचा वाचायचा चष्मा ताब्यात घेतला. बारावीचं इंग्रजी गंजलं होतं, पण अक्षर अक्षर लावत त्यांनी कपाट वाचून काढलं. केशर-बदामाच्या डबीत केशर सापडलं खरं, पण अगदी टोकाला, वासाच्याही नंतर, लग्नाच्या पंगतीत शेवटच्या पानावर बसलेल्या ओळख नसलेल्या पाहुण्यासारखं. बदाम तर जेवायलाच आले नव्हते. आणि मग तो शोध लागला, ज्यानं त्या खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. चंद्रकोर आणि गौरांगी, दोन्हींच्या मागे एकच पत्ता. तोच कारखाना, तोच प्लॉट नंबर. एकीला सोडून दुसरीला आणताना कुंदाबाई मनात खंतावल्या होत्या, आणि या दोघी एका आईच्या जुळ्या निघाल्या.

राग आला की कुंदाबाईंच्या तोंडात माहेरची बोली येते. त्यांनी डबी आपटली. "बठ्ठं खोटं शे!"

पितांबरराव दचकले. "काय झालं वं?"

"तुम्हाले काय समजणार! तुम्ही मोटारसायकलचा साबण लावा!"

कपाट रिकामं झालं. पण एक प्रश्न त्यातून बाहेर पडेना. सगळं खोटं, तर मग मदिनाभाभींचे गाल? ते तर खरे होते. ते वीतभर अंतरावरून पाहिलेले होते. म्हणजे त्या बाईकडे काहीतरी असणार, जे दुकानात मांडलेलंच नाही. गल्ल्याखाली असेल, घरी असेल. अठ्ठावीस वर्षं ती दुसरंच काहीतरी लावत आली आणि आपल्याला हनुवटीवर झुलवलं!

आता साखरपुडा चार दिवसांवर. शृंगाराची पेटी न्यायची, आणि ती साखरपुड्यात बायकांच्या घोळक्यात उघडली जाते, एकेक वस्तू हातोहात फिरते. अकरा सुनांच्या पेट्या निवडणाऱ्या बाईच्या स्वतःच्या सुनेची पेटी, आणि सून मागचं वाचणारी! कुंदाबाईंनी ठरवलं, भाभी जे लावते तेच माझ्या सुनेच्या पेटीत जाणार. नाहीतर आजवर मिळवलेलं नाव धुळ्याच्या मांडवात जाणार.

शुक्रवारी दुपारच्या गाडीनं त्या जळगावला गेल्या. वेळ विचार करून काढलेली होती. जुम्म्याच्या नमाजाला शकीलभाऊ मशिदीत असतात आणि दुकानात भाभी एकट्या.

"या अक्का," भाभी म्हणाल्या. "पोराचा साखरपुडा ना? बसा. हिरव्या भरू?"

कुंदाबाईंनी हात पुढे केला. भाभींनी पंजा दाबला, पहिली बांगडी चढवली, दुसरी चढवली. गाल वीतभर अंतरावर आले. कुंदाबाईंनी सकाळपासून गोड बोलायचं ठरवलं होतं, पण गाल पाहिले आणि गोड बोलणं पोटातच राहिलं.

"भाभी, इमानानं सांगा. तुम्ही तोंडाला काय लावता?"

तिसरी बांगडी वाढली. काचेचे दोन तुकडे गादीवर पडले. भाभींनी ते उचलले, बाजूला ठेवले, पण कुंदाबाईंचा हात सोडला नाही.

"तुम्हाला माहीत नाही?" त्यांनी विचारलं.

"मला काय माहीत! तुमचे मालक रोज नवीन डबी दाखवतात आणि म्हणतात, आमच्या घरात हेच वापरतात."

"खरंच बोलतात," भाभी म्हणाल्या. "झूट नाही बोलत ते."

आणि एका हातानं त्यांनी गल्ल्याखालून खोकं ओढलं. केळीचं नव्हे, द्राक्षाचं, बुटकं. कुंदाबाई पुढे झुकल्या. अठ्ठावीस वर्षांचं गुपित द्राक्षाच्या खोक्यात असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

खोक्यात डब्या होत्या. झाकण फुटलेल्या, कोपरा चेपलेल्या. शोकेसमध्ये उन्हानं लेबल पांढरं पडलेल्या. उंदरानं कागद कुरतडलेल्या. कोणी उघडून वास घेऊन परत ठेवलेल्या. तारीख सरत आलेल्या. चंद्रकोर होती, गौरांगी होती, हळद, कोरफड, कोळसा, सगळे एकत्र नांदत होते.

"जे विकत नाही ते घरात वापरतात," भाभी म्हणाल्या. "फेकायचं कसं? दुकानदाराची बायको मी. जे उरलं ते लावलं."

कुंदाबाईंनी मोकळ्या हातानं एक चेपलेली डबी उचलली, परत ठेवली. मत्सराचं एक वाईट असतं, त्याला समोर उभं राहायला काहीतरी लागतं. समोर फुटक्या डब्यांचं खोकं आलं की त्यानं करायचं काय?

"मग हे गाल?" त्या शेवटी म्हणाल्या. आवाजात तक्रार होती.

"गाल? हे अम्मीचे. तिचेही असेच होते, नानीचेही असेच." भाभींनी नवी बांगडी उचलली. "आणि अक्का, मला ऊन कधी लागलं? या दुकानाला खिडकी तरी आहे का? लग्न होऊन आले ती या गादीवर बसले. तुम्ही कापूस वेचता, केळीत जाता, एसटीत बसून गावंच्या गावं बघत येता. तुम्ही आलात की मी आधी तुमची चप्पल बघते. किती धूळ आहे ते. म्हणते, आज कुंदाअक्का कुठून कुठून फिरून आल्या."

कुंदाबाईंनी मला हा भाग दोनदा सांगितला. त्यांच्या वांगांना आजवर कोणी असं पाहिलेलं नव्हतं. त्यांच्या चपलेला तर नाहीच नाही.

पण त्या व्यवहाराच्या पक्क्या. लगेच सावरल्या. "ते राहू द्या. माझी पेटी? परवा सूनबाई मागचं वाचणार आहे. मी काय नेऊ?"

आणि मग दुकानात जे घडलं ते शकीलभाऊंच्या दृष्टीनं फार वाईट होतं. मदिनाभाभी उठल्या. पदर खोचावा तशी ओढणी खोचली आणि शोकेसपुढे उभ्या राहिल्या. "हे नको," म्हणाल्या, "यानं तिसऱ्या दिवशी कानामागे खाज. हे नको, उशीला डाग. हे बरं आहे, पण वासानं डोकं चढतं. हे आणि हे एकच."

"पत्ता एकच आहे," कुंदाबाई म्हणाल्या.

"पत्ता नाही बघितला. पण लावल्यावर दोन्ही सारखेच चावतात."

उरलेलं लावायचं म्हणजे भीती असते. म्हणून भाभींनी एक पद्धत बसवलेली होती. आधी कोपराच्या आतल्या बाजूला, दोन दिवस थांबायचं. मग कानामागे, आणखी दोन दिवस. मग गालाच्या कडेला. अठ्ठावीस वर्षं त्या दुकानात जे जे आलं आणि पडून राहिलं, ते सगळं त्यांच्या कोपरावरून गेलेलं होतं. ज्या बाईनं आयुष्यात एक डबी स्वतः निवडली नव्हती, तिला दुकानातल्या प्रत्येक डबीचं अंतरंग ठाऊक होतं. कुंदाबाईंनी अठ्ठावीस वर्षं निवडून निवडून चुकीचं घेतलं, आणि या बाईनं न निवडता सगळं ओळखलं! गालांचा मत्सर कसाबसा खाली बसत होता, तो आता डोक्यात शिरला.

शेवटी काचेवर पाच वस्तू उरल्या. बिनवासाचा फेसवॉश, बिनवासाचं एक साधं क्रीम, उन्हात लावायचं एक, एक काजळ आणि एक लिपस्टिक. पाचही सीलबंद.

"पाचच?" कुंदाबाई घाबरल्या. "पेटीत एकतीस वस्तू असतात, भाभी!"

"सव्वीस तुमची सून कचऱ्यात टाकेल."

तेवढ्यात शकीलभाऊ नमाजाहून आले. एवढी मोठी लाल मखमलीची पेटी आणि आत कोपऱ्यात दाटीवाटीनं बसलेल्या पाच वस्तू पाहून त्यांचा चेहरा उतरला. सवयीनं त्यांनी केशर-बदामाची डबी उचलली. हनुवटी डावीकडे वळली. "अक्का, आमच्या घरात..."

"माहीत आहे," दोघी एकदम म्हणाल्या.

रविवारी धुळ्यात साखरपुडा. साडी झाली, नारळ झाला, साखरेचा पुडा झाला, आणि बायकांनी पेटी मधे ओढली. मोहिनीच्या काकू सुनंदाबाई पुढे सरसावल्या. झाकण उघडलं. सुनंदाबाईंनी आत पाहिलं, मग पेटी उचलून खाली काही सांडलं का तेही पाहिलं.

"पाचच शेतस का वं माय?" त्या म्हणाल्या. "जळगावमा दुकानं बंद व्हतात का?"

बायका हसल्या. कुंदाबाईंचे वांग तापून लाल झाले. पितांबरराव लांबून पाहत होते, त्यांना वाटलं उन्हानं.

मोहिनी मात्र हसली नाही. तिनं पहिली वस्तू उचलली, उलटी केली, वाचली. बाजूला ठेवली. दुसरी उचलली. मांडवात सगळ्या बायका माना उंच करून बघायला लागल्या, कारण नवरी मुलगी साखरपुड्यात वाचत बसलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती. कुंदाबाईंना आपल्या बारावीच्या निकालाचा दिवस आठवला. तेव्हाही असंच कोणीतरी कागद हातात धरून फार वेळ वाचत बसलं होतं. पाचवी वस्तू खाली ठेवून मोहिनीनं वर पाहिलं.

"काकू, या पाचांत सगळं आलं," ती म्हणाली. "आमच्या दुकानात लोक विचारतात तेव्हा मीही एवढंच सांगते. आई, कोणी निवडलं हे?"

आणि कुंदाबाई म्हणाल्या, "मीच."

झालं. सुनंदाबाई मागे सरल्या. बायका पेटीभोवती गोळा झाल्या, कोणी आपल्या पर्समधलं क्रीम काढून "हे कसं शे वं?" असं कुंदाबाईंना विचारायला लागली. कुंदाबाई डबी उलटी करायच्या, चष्मा चढवायच्या आणि मान हलवायच्या. एवढा मान त्यांना एकतीस वस्तूंच्या पेट्यांनी कधी दिला नव्हता. पण परत येताना पारोळा गेलं, त्यांचं माहेर एरंडोलही गेलं, एरवी तिथे त्या खिडकीतून हात हलवतात, या वेळी हलवला नाही.

"पोटात दुखू राहिलं का?" पितांबररावांनी विचारलं.

"हो," त्या म्हणाल्या. ते खोटं नव्हतं.

सोमवारी सकाळी त्या परत जळगावच्या दुकानात. शकीलभाऊ होते, भाभी होत्या. कुंदाबाई गादीसमोर बसल्या नाहीत. उभ्याच राहिल्या.

"भाभी, आज तुम्ही घ्यायचं. माझ्याकडून. सीलबंद. या बठ्ठ्या दुकानातून तुमच्या मनाचं एक. शकीलभाऊ, तुम्ही हनुवटी हलवायची नाही."

शकीलभाऊंनी हनुवटी छातीला लावली.

भाभींना आधी पटेना. मग त्या उठल्या. शोकेसपुढून सावकाश चालत गेल्या, प्रत्येक डबीला ओळखीनं बघत गेल्या. कुंदाबाईंना वाटलं, आता पाहू या, जिला सगळं ठाऊक आहे ती काय उचलते ते. नक्की ते सर्वात चांगलं असणार, आणि आपण मनातल्या मनात त्याचं नाव लिहून घेणार. भाभी शेवटच्या कप्प्यापाशी थांबल्या, वाकल्या आणि हात घालून वर आल्या.

गुलाबी बुटकी बरणी. झाकणावर कमळात बसलेली बाई.

"रूपगंधा?" कुंदाबाई जवळजवळ ओरडल्या. "अहो भाभी, तो चुना आहे नुसता! घामाचे नाले पडतात तोंडावर! मी सोडली त्याला वीस वर्षं झाली!"

"असेल," भाभी म्हणाल्या. "पण ही कधी उरलीच नाही ना, अक्का. आली की खलास. पहूरची पार्टी घेऊन जायची, जामनेरची घेऊन जायची. तुम्ही तर दोन दोन न्यायच्या. सगळं माझ्याकडे आलं, हीच नाही आली. तुम्ही इथेच झाकण उघडून तो आतला चांदीचा कागद नखानं फाडायच्या, वास घ्यायच्या, मी बांगड्या पुसत बघायची. मला इतकी जळफळ व्हायची तुमची! माझ्या हातात आली ती प्रत्येक डबी कोणीतरी आधी उघडलेली. मी तो कागद कधी फाडलाच नाही."

कुंदाबाई खाली बसल्या. अठ्ठावीस वर्षं एकाच गादीच्या दोन बाजूंना दोन बायका एकमेकींवर जळत होत्या आणि मधे फक्त एक हात होता.

त्यांनी पिशवीतून फोन काढला. मोहिनीला लावला. तिथेच, सगळ्यांसमोर.

"मोहिनी, ऐक. पेटी मी नाही निवडली. आमच्या मदिनाभाभींनी निवडली. मी नुसती धरून आणली. काकूंनापण सांग."

मग मोहिनी म्हणाली, "त्यांना फोन द्या ना, आई."

फोन दिला. तो काही परत येईना. भाभी कोपर दाखवत असाव्यात तशा फोनवर कोपराबद्दल सांगत होत्या, मोहिनी काही विचारत होती, भाभी हसत होत्या. "हां बेटा, हां, कानामागे, दो दिन." कुंदाबाई बसून बघत होत्या. सून त्यांची, फोन त्यांचा, आणि बोलतंय कोण! पोटात पुन्हा कालच्यासारखं दुखायला लागलं.

फोन संपला. भाभींनी बरणीचं झाकण फिरवलं. आत चांदीचा कागद. त्यांनी नख लावलं, घाई केली नाही. कडेनं, गोल, सगळ्या बाजूंनी सोडवत नेला, एका तुकड्यात निघावा म्हणून. निघाला. तो त्यांनी घडी करून बांगड्यांच्या डब्यात ठेवला. मग वास घेतला. कोपराच्या आतल्या बाजूला लावायचं राहिलं, कानामागे राहिलं, अठ्ठावीस वर्षांची पद्धत बाजूला ठेवून त्यांनी दोन बोटं भरून स्नो सरळ गालांना फासला.

शकीलभाऊंनी तोंड दुसरीकडे केलं. कुंदाबाईंनी मात्र वाकून नमस्कार केला. बांगड्या भरल्या नव्हत्या, तरी केला. या वेळी दात आवळले नव्हते.

"कशी दिसते?" भाभींनी विचारलं.

भाभींचा चेहरा पांढराफटक झाला होता, भुवयांतसुद्धा स्नो अडकला होता. कुंदाबाईंनी वीतभर अंतरावरून नीट पाहिलं, कुठे नाला पडतो का याची वाट पाहिली. खिडकी नसलेल्या दुकानात मे महिन्याचा उकाडा होता, स्वतः कुंदाबाई घामानं निथळत होत्या.

मला त्या हे सांगत होत्या तेव्हा ओट्यावर बसून मेथी निवडत होत्या. इथपर्यंत आल्या आणि हातातली जुडी त्यांनी सुपात आपटली.

"तो चुना, भाऊ! नुसता चुना! माझ्या तोंडावर कधी टिकला नाही," त्या म्हणाल्या. "आणि त्या बाईला तोही शोभून दिसू राहिला!"